जून महिन्यातली थंडी

मला किळस लवकर येते. चहाच्या कपाला जुनी साय चिकटलेली दिसली तरी मी कप तसाच परत ठेवते. कोणी बोलता बोलता सारखं खांद्यावर हात ठेवत असेल तर दोन पावलं मागे सरकते. घरात या स्वभावाची थट्टा होते आणि ती रास्तच आहे. पण गेल्या मे महिन्यात एका पुस्तकानं मला जी किळस आणली तिची थट्टा कोणी केली नाही, कारण ती मी कोणाला सांगितलीच नव्हती.

ते पुस्तक म्हणजे एक गौरवग्रंथ. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याचा अमृतमहोत्सव होता. माजी आमदार, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आणि एका साप्ताहिकाचे मालक-संपादक. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणते. ग्रंथ असा जाड की मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या येतात. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, आणि सुरुवातीची कितीतरी पानं नुसते फोटो. भाऊसाहेब झाड लावताना, भाऊसाहेब फीत कापताना, भाऊसाहेब आजारी माणसाच्या खाटेशी आणि आजारी माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय. त्यानंतर लेख. त्यातला एक माझ्या नावावर आहे. 'निर्भीड पत्रकार भाऊसाहेब' असं त्याचं शीर्षक, खाली माझा फोटो आणि 'सेवानिवृत्त शिक्षिका' एवढी ओळख.

तो लेख मीच लिहिलाय, हे खोटं नाही. वाक्यं बहुतेक सगळी माझी आहेत. पण मी तो भाऊसाहेबांवर लिहिला नव्हता. अर्जेंटिना नावाच्या देशात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका माणसावर लिहिला होता.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी माझ्या वडिलांचं सांगायला हवं.

आम्ही आसेगावचे. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला आणि बाबांना शाळेत घातलं. बाबा सातवीपर्यंत शिकले, पुढे तालुक्याच्या गावी भाऊसाहेबांच्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागले. कंपोझिटर म्हणजे एकेका अक्षराचे शिशाचे खिळे पेटीतून उचलायचे आणि उलट्या अक्षरांत ओळ जुळवायची. हे काम बाबा असं करत की पाहणाऱ्याला वाटावं, माणूस ज्वारी निवडतोय. पेटीकडे बघायचेसुद्धा नाहीत. साप्ताहिकाचे संपादक म्हणून नाव भाऊसाहेबांचं असायचं, पण भाऊसाहेब आठवड्यातले चार दिवस नागपूर-मुंबईला. खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे बाबा, आणि बातमी तयार करायचेही बाबाच. कागदावर लिहीत नसत. समोरचा माणूस बोलत असतानाच ऐकलेलं सरळ खिळ्यांत उतरवत. आमच्या भागातल्या कित्येक बातम्यांना हस्तलिखित असं कधी नव्हतंच.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. मानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात सरकारी बोरिंग होतं, हातानं हापसायचं. बौद्धवाड्यातल्या बाया पाण्याला आल्या की सरपंचाचा माणूस बोरिंगचा दांडा काढून घरी घेऊन जाई. बोरिंग सरकारचं, पाणी जमिनीचं, पण दांडा सरपंचाच्या घरी. उन्हाळाभर हे चाललं. शेवटी त्या वस्तीतली चार माणसं छापखान्यात आली. भाऊसाहेब मुंबईला होते. बाबांनी उभ्या उभ्या ती बातमी जुळवली आणि पहिल्या पानावर वरच्या बाजूला टाकली. सरपंच हा भाऊसाहेबांचा सख्खा मेहुणा होता. बाबांना हे ठाऊक होतं. त्यांनी बातमीत तेही घातलं.

अंक बाहेर पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी ट्रॅक्टर भरून माणसं आली. त्यांनी खिळ्यांच्या पेट्या रस्त्यावर पालथ्या केल्या. बाबांचा उजवा हात छपाईच्या ट्रेडल मशीनच्या पाट्यावर धरला आणि लोखंडी सळईनं दोन बोटं मोडली. त्यानंतर दोन दिवस बाजारात पोरं शिशाची अक्षरं वेचत होती, असं आई सांगायची.

भाऊसाहेब परत आले. पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत माफी छापली. मागच्या अंकातली बातमी संपादकांच्या गैरहजेरीत, खातरजमा न करता, अनवधानानं छापली गेली, संबंधितांच्या भावना दुखावल्याबद्दल दिलगीर आहोत. ही चौकट कोणी जुळवली? छापखान्यात दुसरा कंपोझिटरच नव्हता. बाबांनी जुळवली. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून ओळ जुळवायची स्टिक पोटाशी दाबून डाव्या हातानं खिळे उचलले. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते आणि दारात उभी राहून ते पाहिलं होतं. 

आणि मग दीड वर्षानं निवडणूक आली. भाऊसाहेब उभे राहिले. आमच्या एकेका वस्तीत त्यांची सभा झाली आणि प्रत्येक सभेत एकच गोष्ट. माझा छापखाना का फोडला? तुमच्या पाण्यासाठी मी लिहिलं म्हणून. माझ्या माणसाची बोटं का मोडली? मी मागे हटलो नाही म्हणून. माफीची चौकट कोणाच्या लक्षात होती? साप्ताहिक असं किती लोक वाचत होते? आमच्या बायांनी भाऊसाहेबांना ओवाळलं. एका सभेत बाबांना वर बोलावून त्यांचा हात उंच धरून लोकांना दाखवला. बाजारात बैलाचे दात दाखवतात तसा. बाबा काही बोलले नाहीत. भाऊसाहेब आमच्या मतांवर निवडून आले.

मला पुढच्या वर्षी त्यांच्याच संस्थेच्या शाळेत नोकरी लागली. इतिहासाची शिक्षिका. मुलाखतीला पाच जण समोर बसले होते आणि मी एकाही प्रश्नाला अडखळले नव्हते. आपण गुणांवर लागलो, कोणाच्या उपकारानं नाही, असं मी ज्याला त्याला सांगत असे. संस्थेतले बाकीचे शिक्षक भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला रांगेत उभे राहत. मी रजा टाकायची. त्या चौतीस वर्षांत मी भाऊसाहेबांच्या पाया एकदाही पडले नाही आणि याचा मला भारी ताठा होता.

आता तो अर्जेंटिनावाला. शाळेच्या ग्रंथालयात इंग्रजी विश्वकोशाचा एकच खंड होता, पहिला. बाकीचे कधी आलेच नाहीत. त्यामुळे मला तरुणपणी अर्जेंटिना आणि अबिसिनियाची जेवढी माहिती होती तेवढी अकोल्याची नव्हती. त्या खंडात हा माणूस मला सापडला. गरिबाघरचा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. देशावर एका दांडग्या हुकूमशहाची सत्ता असताना यानं वर्तमानपत्र काढलं. छापखाना फोडला गेला. जून महिन्यातल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत (तिकडे तेव्हा हिवाळा असतो), दुसरा काठ दिसत नाही एवढी रुंद नदी नावेतून ओलांडून हा शेजारच्या देशात पळाला. सोबत खारवलेलं मांस आणि कडू पानांचा काढा. परदेशात राहून लिहीत राहिला. हुकूमशहा पडल्यावर परत आला, निवडून आला, मंत्री झाला. आणि मंत्री झाल्यावर त्याच्याविरुद्ध लिहिणारं एक वर्तमानपत्र बंद करण्याच्या हुकमावर यानंच सही केली. तिथे मी खंड मिटला होता. इतका वेळ ज्याच्यावर जीव लावला त्यानं असं करावं, याचा मला फार राग आला.

त्या शेवटच्या परिच्छेदासाठीच मी त्याच्यावर लेख लिहिला आणि साप्ताहिकाच्या दिवाळी अंकाला दिला. बाबांनीच तो जुळवला. भाऊसाहेब वाचणार नाहीत याची खात्री होती, आणि वाचलाच तर बरंच होईल असंही वाटत होतं. त्यांनी वाचला नाही. कोणीच वाचला नाही. एकानं फक्त अर्जेंटिनात फुटबॉल चांगला खेळतात असं पत्र पाठवलं.

मी निवृत्त होऊन आसेगावला बाबांकडे राहायला आले. आई केव्हाच गेली. बाबा ऐंशीला टेकलेले, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, पण कान शाबूत. निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात ते एका सकाळी म्हणाले, "बाई, ते बोरिंगचं एकडाव लिवून टाक."

मी थक्क झाले. इतकी वर्षं मी किती वेळा म्हटलं होतं की लोकांना खरं सांगा. ते विषय उडवून लावत.

"आता काहून आठवलं?" मी विचारलं.

"मले हार-तुरा नाई पाह्यजे. छापून आलं पाह्यजे का हे यानं केलं. बस. मंग मी मेलो तरी चालते."

आणि योगायोग असा की त्याच आठवड्यात गौरवग्रंथाचं बोलावणं आलं. समितीचे सचिव म्हणजे संस्थेच्या शाळेचे आताचे मुख्याध्यापक. माझाच विद्यार्थी. नववीत असताना इतिहासाच्या पेपरात पुढच्याचं बघून लिहायचा आणि पकडला की विचारायचा, "मॅडम, दोघायचं सारखं असू शकत नाई का?" आता पांढरा शर्ट, छातीवर बिल्ला, कपाळावर टिळा, आणि मला पाहिलं की वाकून नमस्कार. तो म्हणाला, "मॅडम, 'पत्रकार भाऊसाहेब' हा लेख तुमच्याशिवाय कोन लिवनार? तुमचे वडील साक्षीदार."

मी हो म्हटलं. कावा मनाशी धरूनच हो म्हटलं. त्यांच्याच पैशानं, त्यांच्याच ग्रंथात, सोनेरी अक्षरांच्या मधोमध बाबांची बातमी छापून आणायची.

पंधरा दिवस रोज सकाळी बाबा सांगायचे आणि मी लिहायची. बोरिंगचा दांडा कोणत्या खुंटीला टांगलेला असे, वस्तीतली कोणती बाई पहिल्यांदा बोलली, बातमीचा मथळा किती पॉइंटात, म्हणजे केवढ्या टायपात होता, सारं त्यांना पाठ. मी मध्येच एखादा जोरकस शब्द घातला की ते थांबवत. "असं नको. 'हल्ला' नको लिवू. 'पेट्या पालथ्या केल्या' लिव. जे केलं तेच लिव." माफीची चौकट त्यांनी शब्दन् शब्द सांगितली. ती पडताळायला मी साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. तिथे वर्षवार बांधलेल्या फाइली आहेत. त्या वर्षाच्या फाइलमधून दोन अंक ब्लेडनं कापून काढलेले होते. शिवणीजवळ कागदाची दोन बोटं रुंद पट्टी तेवढी उरली होती. मी ती पट्टी बोटानं चाचपली आणि मग नळावर जाऊन हात धुतला.

लेखात मी भाऊसाहेबांना शिवी दिली नाही. घडलं तेवढंच लिहिलं आणि मुख्याध्यापकाच्या हातात नेऊन दिलं. त्यानं उभ्यानं पहिलं पान वाचलं, चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "छान झालं मॅडम. ओरिजनल झालं," म्हणाला. मी मूर्ख. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की छापताहेत.

त्या दिवसापासून बाबा वाट पाहू लागले. रोज विचारायचे, "किती दिवस राह्यले?" एरवी ते दोन घास कमी खात, त्या दिवसांत मागून खाऊ लागले.

सोहळा वाशीमला एका मंगल कार्यालयात होता. मे संपत आलेला, भट्टीसारखं ऊन, आत दहा-बारा कूलर घरघरत होते. दारात दोन जेसीबी उभे. भाऊसाहेबांची गाडी आली तशी त्या लोखंडी फावड्यांतून झेंडूची फुलं त्यांच्यावर ओतली. फुलांबरोबर थोडी मातीही पडली, कारण ते जेसीबी सकाळी नाली खोदत होते. भाऊसाहेबांनी डोळे चोळत हात जोडले. माझ्यासारखीला तिथूनच परत फिरावंसं वाटलं असतं, पण मला ग्रंथ हवा होता.

मंचावर तलवार दिली, फेटा बांधला, चांदीचा मुलामा दिलेली लेखणी दिली. ती लेखणी हातभर लांब. भाऊसाहेबांनी ती भाल्यासारखी धरली आणि फोटो झाले. मग प्रकाशन. मग एक वक्ते उठले, जिल्ह्याबाहेरून बोलावलेले, आवाज कमावलेला. म्हणाले, "या ग्रंथातला एक लेख वाचून माझे डोळे पाणावले." आणि त्यांनी माझं नाव घेतलं.  मला वाटलं, जिंकलं. आता बोरिंगचा दांडा येतो.

वक्ते वाचू लागले. "छापखाना उद्ध्वस्त झाला. पण भाऊसाहेब खचले नाहीत. जून महिन्यातल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, दुसरा काठ दिसत नाही अशी रुंद अडाण नदी त्यांनी नावेतून ओलांडली. सोबत फक्त खारे शेंगदाणे आणि कडू पानांचा काढा."

पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. मग कळलं, हा तर माझा अर्जेंटिनावाला. आमची अडाण नदी मी शंभर वेळा ओलांडली आहे. जूनमध्ये तिच्यातून माणूस चप्पल हातात घेऊन जातो.

टाळ्या पडल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी मानोऱ्याकडचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी बायकोकडे वळून विचारलं, "जूनमंधी कोनती थंडी व? पेरनीचे दिवस असतेत."

म्हातारी म्हणाली, "मोठ्या मानसायले लागत असन."

म्हाताऱ्यांना ते पटलं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मी ग्रंथ घेतला आणि तिथेच उघडला. दिवाळी अंकातला माझा लेख, मथळा बदललेला, माणसाचं नाव काढून तिथे भाऊसाहेब. हुकूमशहाच्या जागी 'तत्कालीन सत्ताधारी'. मांसाच्या जागी शेंगदाणे. शेवटचा परिच्छेद, ज्यात तो वर्तमानपत्र बंद करतो, तो गायब. त्याऐवजी 'आजही भाऊसाहेबांची लेखणी तितकीच तळपते आहे.' बाबांचं नाव नव्हतं. बोरिंग नव्हतं. मोडलेली बोटं नव्हती. चारशेवर पानांच्या त्या पुस्तकात माझ्या बापाचा एक खिळासुद्धा नव्हता.

मुख्याध्यापक जेवणाच्या पंगतीत रोडगे वाढत होता. मी त्याला बाजूला घेतलं. "हा लेख कोणावर आहे?"

"भाऊसाहेबांवर, मॅडम."

"हा अर्जेंटिनाचा माणूस आहे."

"मॅडम, विचार महत्त्वाचा. मानूस कोनताबी असो." त्याच्या हाताला वांग्याच्या भाजीचं तेल लागलं होतं, ते त्यानं पंच्याला पुसलं. "तुमचा नवा लेख चांगलाच होता. पन थोडा निगेटिव्ह झाला. वेळ नव्हता, मंग तुमचाच जुना घेतला. दुसऱ्या कोनाचा त नाई घेतला न?"

"जूनमध्ये थंडी असते का रे?"

तो खरंच विचारात पडला. "ते प्रूफमंधी राह्यलं. पुढच्या आवृत्तीत जानेवारी करू."

"आणि माझं नाव कशाला टाकलं?"

"तुमच्या समाजाचं एक तरी नाव पाह्यजेच होतं न मॅडम. सर्वसमावेशक झाला पाह्यजे ग्रंथ. भाऊसाहेबांनी सोता सांगतलं, मॅडमचं नाव सोडू नका." एवढं बोलून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेलाचा. त्या साडीवर तो डाग अजून आहे आणि मी ती साडी नेसत नाही.

मी न जेवता एसटीनं आसेगावला आले. वाटेत दोनदा मनात आलं की ग्रंथ खिडकीतून फेकून द्यावा. नंतर दुसरंच मनात आलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. माझं हस्तलिखित घरी होतं. बाबांना दिसत नाही. ग्रंथ त्यांच्या मांडीवर ठेवायचा, सोनेरी अक्षरं चाचपू द्यायची आणि हस्तलिखित वाचून दाखवायचं. त्यांना काय कळणार? पण मग माझ्यात आणि त्या रोडगे वाढणाऱ्यात फरक काय राहिला असता?

बाबा ओसरीत खाटेवर बसले होते. न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली होती, धुतलेला सदरा घातला होता. "आली का?" म्हणाले. "वाच."

मी वाचू लागले, जे छापलं होतं तेच. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"हे त तुहं अर्जेंटिनावालं आहे."

मी पानावरून बोट उचललं.

"मीनंच जुळवलं होतं न. याच्यात ज्ञ कमी पडला होता. दुसऱ्या छापखान्यातून मांगून आनला होता." त्यांनी हात खाली घेतला. "वाच पुढं."

मी सगळं वाचलं. खाऱ्या शेंगदाण्यांपाशी ते हसू लागले. ठसका लागेपर्यंत हसले. "मांस काढून शेंगदाने टाकले? अन् शेवट कापला, नाई का? तोच त चांगला होता."

त्यांच्या हसण्यानं माझा पार तोल गेला. मी ग्रंथ जमिनीवर आपटला. म्हटलं, "हसता काय बाबा? मी आता गप नाई राह्यत. पेपरवाल्यायले सांगतो. कोर्टात जातो. त्या दोन अंकांचं, माफीचं, सगळं सांगतो. तुमी तवाच तोंड उघडलं असतं त आज हे दिवस आले नसते. सभेत हात धरून दाखवला तुमचा, तवाबी गप. काहून गप राह्यले तुमी?"

मी इतकी वर्षं हा प्रश्न विचारत होते, पण एवढ्या घाणेरड्या आवाजात कधी विचारला नव्हता.  बाबांनी चाचपत खाटेची कड धरली.

"सांग पेपरवाल्यायले," ते म्हणाले. "पन सांगशील त सगळं सांगजो."

"सगळं म्हंजे?"

"तुही ऑर्डर कोनं आनली, ते बी."

मला वाटलं, वयानं काहीतरी गफलत होतेय. मी म्हटलं, "ऑर्डर कशाची आनली? मुलाखत झाली होती बाबा. पाच जन होते समोर."

"झाली न मुलाखत. पन ऑर्डर त्याच्या आंधीच घरात होती. तुह्या मायच्या पेटीत. सही-शिक्का सगळं. तारीख तेवढी टाकाची राह्यली होती."

मग त्यांनी सांगितलं. निवडून आल्यावर आठ दिवसांनी भाऊसाहेब आमच्या घरी आले होते. मी तेव्हा बी.एड.च्या परीक्षेसाठी अकोल्याला होते. याच ओसरीत, याच जागी खाटेवर बसले. "म्हने, पोरगी शिकून राह्यली न? कागद ठेवला. चहा पेला. त्यानं बोरिंगचं नाव काढलं नाई, मीनंबी नाई काढलं. जाताना माह्या हाताकडे पाह्यलं अन् म्हने, दुखते का अजून? मी म्हटलं, नाई."

"तुमी मले काहून नाई सांगतलं?"

"तू नोकरी केली नसती."

खरं होतं. केली नसती. निदान त्या वयात तरी केली नसती, असं मला वाटतं. आज खात्रीनं सांगता येत नाही.

"अन् मंग आत्ताच काहून लिवाले सांगतलं?"

"तू रिटायर झाली न," बाबा म्हणाले. "आता तुहं कोनी काई काढून घेऊ शकत नाई. तवरलोक थांबलो होतो."

म्हणजे चौतीस वर्षं. मी वर्गात ताठ मानेनं उभी राहून मुलांना सांगायची की पुरावा पाहिल्याशिवाय कोणाचं ऐकू नका, आणि त्या काळात हा माणूस डोळे जाईपर्यंत वाकड्या बोटांनी भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचे विशेषांक जुळवत होता आणि माझ्या निवृत्तीचे दिवस मोजत होता. भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला मी रजा टाकायची ना, ती रजाही अध्यक्ष म्हणून त्यांनीच मंजूर केलेली. मी उठून मोरीत गेले. उपाशी पोट होतं, काही पडलं नाही, नुसतं पित्त. मुख्याध्यापकाची किळस आली होती, भाऊसाहेबांची तर जुनीच होती, पण ही वेगळी होती. हिच्यापासून दोन पावलं मागे सरकायला जागा नव्हती.

परत आले तेव्हा बाबांनी ग्रंथ खाली चाचपून उचलला होता आणि मांडीवर ठेवला होता. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. मला तर वाटलं, थोडा सुटल्यासारखा चेहरा होता.

"आता लिवशील?" त्यांनी विचारलं.

"लिवतो."

"कसं लिवशील?"

"जे केलं तेच," मी म्हटलं.

गौरवग्रंथ कोणी मागितला तर मी देत नाही, आमच्याकडे तो आता पिठाच्या डब्याखाली आहे. पेपरवाल्यांकडे मी गेले नाही. कोर्टातही गेले नाही, कारण तिथे पहिला प्रश्न मलाच विचारला गेला असता. लिहायचं तेवढं इथे लिहिलं आणि पहिल्यांदा बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले. माझा भाग आला तेव्हा म्हणाले, "हे काढून टाक, कायले पाह्यजे?" मी काढला नाही.

बोरिंगची बातमी माझ्या वडिलांनी जुळवली. त्यापायी बोटं त्यांची मोडली. भाऊसाहेबांनी माफी मागितली, तीही त्यांच्याच हातून जुळवून घेतली. आणि चौतीस वर्षं त्याची भाकर मी खाल्ली.